खाडीतल्या आउटबोर्डसाठी वॉटर पंप किट: नुसतं रबर घ्यावं की अख्खा संच?

दिवाळे असो, वाशी-ऐरोली असो की घोडबंदरकडचं नागला बंदर, आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे अडकवलेलं इंजिन, तापलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "रबर गेलं." रबर म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या वॉटर पंपाचा इंपेलर, पाणी ढकलणारं पात्यांचं चाक. नवा इंपेलर येतो, तासाभरात बसतो, इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार जोरात लागते आणि दीड-दोन महिन्यांत तेच इंजिन पुन्हा तापायला लागतं. मग खापर फुटतं रबरावर, डुप्लिकेट निघालं म्हणून. कधी ते खरंही असतं. पण ठाण्याच्या खाडीत बऱ्याचदा नवं रबर जुन्या, खरवडलेल्या वाटीत बसवलेलं असतं, आणि तसल्या वाटीत कंपनीचं अस्सल रबरसुद्धा तग धरत नाही.

म्हणून इथे परीक्षण नुसत्या इंपेलरचं नाही, पूर्ण किटचं आहे. ८ ते ४० हॉर्सपॉवरच्या आउटबोर्डसाठी बाजारात तीन दर्जाचा माल मिळतो: मूळ कंपनीची किट, बाहेरच्या उत्पादकाची बरी किट आणि सुटं स्वस्त रबर. यामाहाची दोन-स्ट्रोक एंड्युरो असो, सुझुकी असो, पंपाची घडण थोड्याफार फरकाने सारखीच असते, त्यामुळे पुढचं बहुतेक सगळ्यांना लागू पडेल. मोठ्या मचव्यांच्या इनबोर्ड, म्हणजे आत बसवलेल्या, डिझेलचा विषय वेगळा आहे. त्याबद्दल शेवटी थोडं.

आधी किटमध्ये काय असायला हवं ते. रबर, ते ज्यात फिरतं ती स्टेनलेस स्टीलची वाटी, वाटीखालची स्टीलची प्लेट, शाफ्टला रबर अडकवणारी अर्धचंद्राकृती की (चावी), दोन-तीन गॅस्केट आणि ओ-रिंग. एवढं असेल तर ती दुरुस्ती किट. महागड्या संचात याशिवाय वरचं प्लास्टिकचं हाउसिंग, डॉवेल पिना आणि पाण्याच्या नळीच्या तोंडाशी बसणारा रबरी सीलही येतो. दुकानदार 'किट' म्हणून हातात ठेवतो त्यात पुष्कळदा वाटी आणि प्लेटच नसते. रबर, की आणि एक गॅस्केट घालून पाकीट चिकटवलेलं असतं. पाकीट तिथेच फोडून बघावं. वाटी नसेल तर ती किट नव्हे, चांगल्या कागदात गुंडाळलेलं सुटं रबरच.

वाटीवर एवढा जोर का, हे पंप कसा चालतो त्यावरून कळतं. लेगच्या, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाच्या, माथ्यावर वाटी बसते, आणि ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाकडून खाली येणारा फिरता दांडा) तिच्या बरोबर मधून न जाता किंचित एका बाजूने जातो. त्यामुळे रबराची पाती फिरताना एका अंगाला दुमडतात आणि दुसऱ्या अंगाला मोकळी होतात. मोकळी होताना खालच्या प्लेटच्या फटीतून पाणी ओढतात, दुमडताना तेच पाणी नळीतून वर ढकलतात. आयडलला, म्हणजे इंजिन अगदी हळू चालत असताना, सगळी मदार या दुमडण्यावर असते. आरपीएम वाढले की पाण्याच्या दाबाने पाती वाटीच्या भिंतीपासून सुटतात आणि पंप नुसत्या गरगर फिरण्याच्या जोरावर पाणी फेकतो. म्हणजे भिंतीशी घट्ट बसण्याची गरज सर्वात जास्त लागते ती हळू चालवताना. वाटीला चरे पडले असतील किंवा प्लेटवर गोल खाच पडली असेल, तर पाणी त्या फटीतून मागच्या मागे निसटतं. जोरात चालवताना सगळं ठीक वाटतं आणि हळू चालवायला घेतलं की हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, तापतं.

ऐरोली-भांडुपच्या अंगाला फ्लेमिंगो दाखवायला जाणाऱ्या होड्यांना नेमकं हेच भोवतं. पक्षी उडू नयेत म्हणून अर्धा-पाऊण तास आयडलला किंवा त्याच्या जरा वर चालायचं, तेही चिखलाच्या पाटावर. मासेमारीची होडी याच पंपावर महिनाभर तक्रार न करता चालेल, कारण ती जाळ्यापर्यंत जोरात जाते आणि तिथे इंजिन बंद करते. त्यामुळे "त्याचं चाललं, माझं का नाही" या प्रश्नात अर्थ नाही. इंजिन तेच असलं तरी काम वेगळं आहे.

आता खाडी. सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या या खाडीचं तोंड मुंबई बंदराकडे रुंद आहे आणि ठाण्याकडे ती अरुंद, उथळ होत जाते. उधाणाला भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो आणि ते सगळं पाणी आत-बाहेर होताना तळाचा गाळ उचलून फिरवतं. हा गाळ बोटांना लोण्यासारखा मऊ लागतो, पण त्यात बारीक रेती असते, आणि रबर व स्टील यांच्यामध्ये अडकल्यावर ती पॉलिश पेपरचं काम करते. समुद्राच्या स्वच्छ पाण्यात दोन-तीन मोसम टिकणारी वाटी इथे एका मोसमात निकामी होते. कंपनीच्या पुस्तकातलं "वर्षातून एकदा तपासा" हे स्वच्छ पाण्यासाठी लिहिलेलं असतं. खाडीत रोज चालणाऱ्या इंजिनाचा पंप १०० तासांना उघडून बघावा, आणि मोसमात एकदा वाटी-प्लेटसकट बदलावा. ज्याची होडी ओहोटीला चिखल उडवत निघते त्याने यापेक्षाही लवकर.

दुकानात माल कसा ओळखायचा

कंपनीच्या किटबद्दल फारसं वाद घालण्यासारखं नाही. रबर योग्य कडक, वाटी बिनसांध्याची, गॅस्केट बरोबर मापाची. तक्रार दोनच: भाव नुसत्या रबराच्या कितीतरी पट, आणि तुमच्या मॉडेलची किट हवी तेव्हा हाताशी असेलच असं नाही. इथे एक चूक नेहमी होते. "१५ हॉर्सपॉवरची किट द्या" एवढंच सांगून माल आणला जातो. एकाच हॉर्सपॉवरच्या दोन-स्ट्रोक आणि चार-स्ट्रोकची, किंवा जुन्या आणि नव्या मॉडेलची रबरं वेगळी असू शकतात. इंजिन होडीला अडकवतो त्या क्लॅम्प ब्रॅकेटवरच्या पाटीवर मॉडेलचा कोड असतो, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. पाटी गंजली असेल तर जुनं रबर आणि वाटी पिशवीत घालून सोबत न्यावी.

बाहेरच्या उत्पादकांचा चांगला माल मिळतो. भाऊच्या धक्क्याच्या आसपास किंवा दारूखान्याकडे हिंडलं तर एकाच मापाचे तीन-चार नमुने समोर येतात. नवी मुंबईकरांना हार्बरने डॉकयार्ड रोड किंवा रे रोडला उतरता येतं, त्यामुळे ही फेरी काही अवघड नाही. सोबत न्यायचा तो व्हर्नियर, बारीक मापं घ्यायचं साधन. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

पहिली तपासणी पात्यांची. एक पातं अंगठ्याने दुमडून दहापर्यंत मोजायचं आणि सोडायचं. चांगलं रबर लगेच सरळ होतं. वाकडंच राहिलं किंवा हळूहळू उठलं तर ते खाली ठेवून द्यावं. वाटीत बसल्यावर दोन आठवड्यांत त्याला कायमचा बाक येणार. पात्याच्या मुळाशी, जिथे ते मधल्या गड्ड्याला जोडलेलं असतं, तिथे नखाने ताणून बघावं. बारीक चिरा दिसल्या तर माल जुना आहे. दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात टांगलेली रबरं तर कितीही नामांकित असली तरी घेऊ नयेत. ऊन लागलेलं रबर बाहेरून काळं-तुकतुकीत दिसलं तरी आतून मेलेलं असतं.

दुसरी तपासणी कमी लोक करतात आणि खरं तर तीच महत्त्वाची. रबराच्या मधोमध पितळी किंवा दुसऱ्या धातूचा बुश असतो, त्याला रबर साच्यातच चिकटवलेलं असतं. स्वस्त मालात ही चिकट कमजोर असते. बुश पकडीत धरून रबर हाताने पिळायचं. जरा जरी सरकल्यासारखं वाटलं तर नको. अशा रबराचं दुखणं फसवं असतं: आयडलला धार उत्तम लागते आणि थ्रॉटल दिला की धार मंदावते, कारण बुश शाफ्टबरोबर फिरतो आणि रबर त्याच्यावर घसरत राहतं. पंप उघडला तर पाती नवीकोरी दिसतात. त्यामुळे मेकॅनिक पंप पुन्हा बंद करून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप), हेड, नळ्या असं सगळं उघडत बसतो.

तिसरी तपासणी उंचीची. व्हर्नियरने रबराची उंची आणि वाटीची खोली मोजायची. प्लेट आवळल्यावर रबर वर-खाली हलकं दाबलं गेलं पाहिजे, म्हणून ते वाटीपेक्षा किंचित उंच असतं. अर्धा मिलिमीटर कमी भरलं तर वरून पाणी निसटेल. जास्तच उंच असेल तर पहिल्या दहा मिनिटांत कडा जळून काळी भुकटी निघेल. जुनं अस्सल रबर झिजलेलं असतं, त्याच्याशी तुलना करून उपयोग नाही. माप वाटीशीच जुळवायचं.

प्लेट आणि वाटीला चुंबक लावून बघावा. चांगलं स्टेनलेस त्याला फारसं धरत नाही. चुंबक टाचणीसारखा टपकन चिकटला तर ते स्टील खाऱ्या पाण्यात गंजणार, आणि गंजाचा पापुद्रा सुटला की तोच रेतीसारखा रबराला खातो. वाटीच्या आतून बोट फिरवावं; सांध्याची रेघ लागली तर पात्यांची टोकं तिथेच झिजतील.

तिसऱ्या दर्जाचा, म्हणजे पाकीट नाही, कोड नाही, डब्यातून उचलून दिलेला माल, याबद्दल आमचं मत सरळ आहे: तो फक्त भरसमुद्रात अडकल्यावर घरी पोचण्यापुरता. तेवढ्यासाठीसुद्धा बाहेरच्या उत्पादकाचं बरं रबर होडीत ठेवलेलं केव्हाही चांगलं.

आता पैशाचं. वाटी आणि प्लेट अजून गुळगुळीत असेल, म्हणजे नख फिरवल्यावर कुठेही अडकत नसेल, तर नुसतं चांगलं रबर बदललं तरी चालतं. नख अडकलं तर पूर्ण संच, मग तो बाहेरच्या उत्पादकाचा का असेना. खरवडलेल्या वाटीत कंपनीचं महाग रबर घालण्यापेक्षा नव्या वाटीत मध्यम दर्जाचं रबर जास्त दिवस चालतं. एवढं एक पक्कं लक्षात ठेवलं तरी एका मोसमात दोन-तीन रबरांचे पैसे वाचतात.

बसवताना काय बिघडतं

लेग उतरवणं हे कौशल्यापेक्षा संयमाचं काम आहे. लहान इंजिनांना बहुतेक १० आणि १२ नंबरचे पाने पुरतात. काही मॉडेलमध्ये एक बोल्ट ट्रिम टॅबच्या, म्हणजे पंख्याच्या वर बसवलेल्या छोट्या पात्याच्या, खाली लपलेला असतो. तो न काढताच लेगला हातोड्याने ठोकणारे पुष्कळ आहेत. अॅल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट खाऱ्या पाण्याने जाम झालेला असतो, म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. तरी सुटला नाही तर आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवावा, मग सोडवावा. बोल्टाचं डोकं तुटलं तर खर्च किटच्या पुढे जातो. गिअरचा रॉड कुठे जोडलाय आणि त्याचा नट किती आटे आत आहे हे खूण करून मगच सोडवायचं, नाहीतर नंतर रिव्हर्स पडत नाही.

पंप उघडल्यावर पहिलं काम पाती मोजायचं. सहाची पाच असतील तर सहावं वर गेलेलं आहे: नळीत, हेडच्या वाटेत किंवा थर्मोस्टॅटच्या तोंडाशी. ते सापडेपर्यंत नवं रबर बसवण्यात अर्थ नाही. पाण्याच्या नळीत वरून गोडं पाणी दाबाने सोडलं की तुकडा बहुतेक वेळा खाली पडतो. नाही पडला तर थर्मोस्टॅटचं झाकण उघडावं लागतं. तुटलेल्या पात्याचा हिशेब लागला नाही आणि तरी "झालं काम" असं सांगणाऱ्या मेकॅनिककडून जुनं रबर मागून घ्यावं आणि स्वतः मोजावं.

प्लास्टिकचं हाउसिंग नीट बघावं. इंजिन एकदा कोरडं चाललं असेल तर आतली वाटी इतकी तापते की हाउसिंग मऊ पडून तिच्याभोवती ओघळतं. मग वाटी जागा सोडून हाउसिंगमध्येच फिरू लागते आणि पाण्याचं भोक अर्धं झाकलं जातं. असं हाउसिंग परत वापरू नये. आरल्डाइट लावून वाटी बसवलेली उदाहरणं दिसतात. ती चालतात, पण पुढच्या तापण्यापर्यंतच.

रबर बसवताना पात्यांना ग्लिसरीन किंवा भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी लावावं. ग्लिसरीन औषधाच्या दुकानात मिळतं. व्हील बेअरिंगचं ग्रीस नको. काही रबरं त्याने फुगतात. की खाली पडू नये म्हणून तिला मात्र किंचित मरीन ग्रीस लावून शाफ्टला चिकटवावी. मग हाउसिंग खाली दाबताना शाफ्ट वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत राहायचं, म्हणजे पाती योग्य बाजूला दुमडतात. उलट कधीही फिरवू नये. पाती उलटी दुमडली की पहिल्या झटक्यात त्यांच्या मुळाशी चीर जाते. बोल्ट एकआड एक, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. खाली प्लास्टिक आहे हे विसरून जोर लावला तर हाउसिंगच्या कानाला तडा जातो, आणि त्या तड्यातून पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. धार मग फेसाळ, तुटक येते.

शाफ्टच्या वरच्या आट्यांना, म्हणजे खाचांना, बाजूने ग्रीस लावायचं पण टोकावर नाही. टोकावर ग्रीसचा गोळा राहिला की तो वरच्या भोकात दाबला जातो आणि लेग शेवटचे दोन-तीन मिलिमीटर वर जातच नाही. लोक मग बोल्टाने खेचतात. लेग वर घेताना पाण्याची नळी सीलमध्ये नीट शिरली का हे टॉर्च लावून बघावं. ती बाहेर राहिली तर नवी किट, नवी वाटी, सगळं असून इंजिन पाच मिनिटांत तापेल. लेग खाली आहेच तर गिअर ऑइलचा खालचा स्क्रू थोडा सैल करून दोन थेंब बघून घ्यावेत. दुधाळ निघालं तर सीलमधून पाणी शिरतंय.

आणि बसवल्यावर "जरा आवाज ऐकू या" म्हणून कोरडं स्टार्ट करायचं नाही. नव्या रबराला वंगण म्हणून पाणीच असतं. कोरड्या वाटीत काही सेकंदांतच पात्यांची टोकं जळायला लागतात. निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये, पाणी लेगवरच्या फटींच्या बरंच वर येईल इतका लेग बुडवून, न्यूट्रलमध्ये चालू करावं. अर्ध्या मिनिटात धार लागली नाही तर बंद.

किट घेऊनही तापत असेल तर

हे आधी तपासून किट घेतली तर जास्त बरं. धार बारीक आहे पण हेड हाताला कोमट लागतंय, तर बहुतेक वेळा फक्त धारेचं भोक तुंबलेलं असतं. जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) आत सरकवून फिरवावा. लोखंडी तार नको, ती आतला रबरी पाइप फाडते. होडी महिनाभर वर ओढलेली असेल तर कुंभारीण माशीने त्या भोकात मातीचं घर केलेलं असण्याची शक्यता भरपूर. उलटही होतं: धार झकास आणि हेड मात्र भाजतंय. धार ही मुख्य वाटेची फक्त फांदी आहे. ती पंप चालतोय एवढंच सांगते, पाणी हेडमधून फिरून बाहेर पडतंय हे नाही. अशा वेळी संशय थर्मोस्टॅटवर.

थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून गरम करावा, सोबत थर्मामीटर. त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. यामाहाच्या दोन-स्ट्रोकमध्ये हा आकडा बहुधा ५० अंशांच्या जवळपास असतो. हा आकडा इतका कमी असण्याला कारण आहे. खारं पाणी ६० अंशांच्या पुढे गेलं की त्यातले क्षार हेडच्या भिंतींवर झपाट्याने बसतात. थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा हा आपल्याकडचा लाडका उपाय. त्याने इंजिन तापायचं थांबलेलं दिसतं, पण ते कायम थंड चालतं, प्लग काळे पडतात, आयडलला अडखळतं आणि पेट्रोल जास्त पितं. नवा थर्मोस्टॅट किटपेक्षा स्वस्त असतो.

जोरात चालवताना तापतं आणि हळू केलं की निवतं, तर पाणी कमी पडतंय. आधी बाहेरून बघावं: लेगच्या बाजूच्या जाळीवर पिशवी, जाळ्याचा तुकडा, आत बार्नेकल (चिकटून वाढणारे कवचाचे समुद्री जीव). गणेश विसर्जनानंतरचे आठ-दहा दिवस खाडीत निर्माल्य आणि कापडं तरंगत असतात, आणि उल्हास नदीच्या बाजूला जलपर्णी. पिशवी चिकटल्यावर इंजिन बंद करून लेग वर उचलायचा, पिशवी काढायची, पुन्हा खाली. रिव्हर्स मारून ती उडवायच्या नादात पंप कोरडा चालतो.

किटबरोबरच एखादी वस्तू घ्यायची असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर. हजार रुपयांच्या आत बरे मिळतात. चकचकीत अॅल्युमिनियमवर तो चुकीचं, कमी तापमान दाखवतो, म्हणून हेडवर थर्मोस्टॅटच्या झाकणाजवळ काळ्या मॅट रंगाचा रुपयाएवढा ठिपका मारून ठेवावा आणि दर वेळी तिथेच मोजावं. थर्मोस्टॅटच्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा अंश वर असेल तर ठीक. ८५ च्या पुढे गेलं की थांबावं. थर्मामीटर नसेल तर पाण्याचे दोन थेंब हेडवर टाकावेत. चुर्र होऊन उडाले तर कळलंच. मात्र तापलेल्या हेडवर बादलीभर पाणी ओतायचं नाही, हेड वाकडं होतं. एकदा असं चांगलंच तापलेलं इंजिन नुसती किट घालून सोडून देऊ नये. कॉम्प्रेशन मोजावं, प्लगवर पाण्याचे थेंब किंवा एक्झॉस्टमधून पांढरी वाफ आहे का बघावं. हेड गॅस्केट गेलेलं असेल तर जळालेला गॅस पाण्याच्या वाटेत शिरून पाणी मागे ढकलतो आणि पुन्हा दोष पंपालाच लागतो.

क्षार बसलेल्या इंजिनात संडास साफ करायचं ऍसिड ओतणारे महाभाग आहेत. त्यात हायड्रोक्लोरिक ऍसिड असतं आणि ते अॅल्युमिनियम खातं. फेस येतो तो क्षारांबरोबर इंजिनाचाही. किराण्यातलं लिंबूफूल कोमट पाण्यात लिटरला ५० ग्रॅम या हिशेबाने विरघळवून, थर्मोस्टॅट काढून ते पाणी आत भरावं, वीस-तीस मिनिटं ठेवावं, मग भरपूर गोड्या पाण्याने धुवावं. एकदा पुरलं नाही तर दोनदा. रोजच्या धुण्याबद्दल एकच गोष्ट सांगायची: ड्रममध्ये दोन मिनिटं चालवून बंद केलेलं धुणं हेडपर्यंत पोचत नाही. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे किमान दहा मिनिटं, आयडलला चालवावं लागतं.

इनबोर्डवाल्यांसाठी थोडक्यात. मोठ्या मचव्यांच्या डिझेलला खाऱ्या पाण्याचा पंप वेगळा असतो, त्याच्या किटमध्ये रबराबरोबर सील आणि पुढची प्लेट घ्यावी. पुढच्या प्लेटवर खाच पडली आणि मागची बाजू कोरी असेल तर ती उलटी करून बसवता येते. दोन्ही बाजू गेल्या असतील तर वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीत ग्राइंडिंगवाल्याकडून घासून मिळते. पंपाच्या अंगाखाली एक भोक असतं, त्यातून पाणी ठिबकायला लागलं म्हणजे सील गेलं. ते भोक एम-सीलने बुजवू नये. ते बुजलं की खारं पाणी बाहेर पडण्याऐवजी बेअरिंगमध्ये आणि काही इंजिनांत थेट ऑइलमध्ये जातं. आणि पंपाला हात लावण्याआधी पट्टा दाबून बघावा, सैल पट्ट्यावर बदललेले पंप थोडे नाहीत.

किट कधी बसवावी? जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर ओढलेली असते आणि रबराची पाती दोन महिने एकाच जागी दुमडून पडलेली असतात. त्यांना बाक येतो तो तिथेच. जुनं रबर बंदीच्या सुरुवातीला काढून टाकावं, लेग धुऊन कोरडा ठेवावा आणि नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात नवी किट बसवावी. मधल्या काळात नवी किट पाकिटातच, पाती मोकळी राहतील अशी, अंधाऱ्या जागी ठेवावी. होडीतल्या पेट्रोलच्या डब्याशेजारी किंवा चालत्या जनरेटरच्या खोलीत नको. सुटं रबर, की, दोन गॅस्केट, १० आणि १२ चे पाने आणि हातभर तंगूस एवढं एका बंद डब्यात होडीत कायम असावं. डब्यावर घेतल्याची तारीख लिहावी, नाहीतर चार वर्षांपूर्वीचं रबर नवं म्हणून बसवलं जातं.